बळाचा हिशेब

बळ येते कोठून, हा प्रश्न माणसाने फार पूर्वीपासून विचारलेला आहे, आणि त्याचे उत्तरही त्याने फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे: बळ खाण्यातून येते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात दक्षिण इटलीतील क्रोटोन या ग्रीक वसाहतीत मिलो नावाचा एक मल्ल होऊन गेला. ऑलिंपियाच्या मैदानावर त्याने सहा वेळा जय मिळविला. त्याच्याविषयी दोन गोष्टी सांगतात. एक अशी की, तो दिवसाकाठी वीस पौंड मांस आणि तितकीच भाकरी फस्त करीत असे. दुसरी अशी की, त्याने एक वासरू रोज उचलून खांद्यावर घेण्याचा परिपाठ ठेवला. वासरू वाढत गेले, तसतसे मिलोचे बळही वाढत गेले, आणि वासराचा बैल झाला तरी मिलो त्याला उचलीतच राहिला. दोन्ही दंतकथाच. परंतु जगाने पहिली गोष्ट खरी मानून तिचे अनुकरण केले, आणि दुसरी केवळ करमणुकीखातर मुलांना सांगितली. शास्त्राने पुढे या दोन कथांचा जो निकाल लावला तो जवळजवळ उलटा आहे. त्या निकालाची हकीकत येथे सांगावी असा आमचा विचार आहे.

आपल्याकडेही गोष्ट निराळी नाही. पैलवानाचे नाव निघाले की त्याच्या खुराकाच्या कथा आधी निघतात: इतके शेर दूध, इतके बदाम, इतके तूप. मागाहून त्याने किती जोर मारले, किती बैठका काढल्या, हे सांगतात. तो झोपला किती, हे मात्र कोणी सांगत नाही. तालमीतल्या वस्तादांना त्याचे मोल ठाऊक होते. दुपारची झोप आणि मेहनतीनंतरचे अंग रगडणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या शिस्तीत होत्या. परंतु कथेत रंग भरतो तो खुराकानेच. आणि या कथेची किंमत पुष्कळ पोरांनी मोजलेली आहे. खुराक परवडत नाही म्हणून हौद्यातली माती सोडून घरी बसलेली मुले आमच्या गावोगावी झाली. तेव्हा बळाचा हिशेब नीट मांडणे हा केवळ पंडितांचा विषय नव्हे.

हा हिशेब मांडण्याचा पहिला खरा प्रयत्न पॅरिसमध्ये झाला, आणि तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या अगदी उंबरठ्यावर झाला. आंत्वान लाव्हाझिए याने श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, हे दाखवून दिले होते. १७८९-९० च्या सुमारास त्याने आपला सहकारी आर्मां सेगँ याच्या तोंडावर मुखवटा बसविला, आणि तो स्वस्थ असताना, जेवल्यावर व वजन उचलीत असताना किती प्राणवायू घेतो हे मोजले. लाव्हाझिएच्या पत्नीने या प्रयोगाची चित्रे काढून ठेवली आहेत. त्यांत कोपऱ्यातल्या मेजाशी बसून नोंदी घेणारी स्त्री ती स्वतःच. स्वस्थ बसलेल्या उपाशी माणसाला जितका प्राणवायू लागतो, त्याच्या अडीचपटीहून अधिक श्रम करणाऱ्याला लागतो, असे त्यांना आढळले. म्हणजे श्रम हे मोजता येतात, आणि श्रम करणारा माणूस स्वतःला अधिक जाळीत असतो.

येथे लाव्हाझिएने जो विचार मांडला तो आम्हांला त्याच्या आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो. अंगमेहनतीवर जगणारा गरीब मनुष्य श्रीमंतापेक्षा अधिक खर्ची पडतो. त्याला अन्न अधिक हवे. आणि मिळते मात्र कमी, हे कोणते दुर्दैव, असे त्याने आपल्या शास्त्रीय निबंधातच विचारले. प्रयोगशाळेतून निघालेला हा बहुधा पहिलाच सामाजिक प्रश्न असेल. दैवाचा खेळ असा की, हा प्रश्न विचारणारा गृहस्थ राजाचे कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांपैकी एक होता, आणि त्याच कारणास्तव ८ मे १७९४ रोजी त्याचे मस्तक गिलोटिनखाली पडले.

ज्वलन ठरले, पण जळते काय? या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिग याचा शब्द प्रमाण मानला जाई. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, स्नायू काम करतो तो स्वतःचेच प्रथिन जाळून. पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ केवळ अंग उबदार ठेवण्यापुरते. बळ म्हणजे मांस आणि मांस म्हणजे बळ. रसायनशास्त्राचा एवढा मोठा आचार्य हे बोलला, तेव्हा मिलोच्या वीस पौंडांना जणू विद्यापीठाचा शिक्का मिळाला. पुढे लीबिगच्याच नावाने दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात गुरांच्या मांसाचा अर्क काढण्याचा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्या अर्काच्या बरण्या युरोपभर आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसल्या. अर्कात चव होती, पोषण जुजबीच होते. आज प्रथिनांच्या भुकटीचे मोठमोठे डबे घेऊन घरी जाणारे तरुण पाहिले की आम्हांला त्या बरण्यांची आठवण होते. भुकटीत प्रथिन खरोखरच असते, एवढा फरक मान्य केला पाहिजे. पण डब्यामागचा विश्वास तोच जुना आहे.

लीबिगचा सिद्धान्त खोडून निघाला तो एका डोंगरावर. झुरिक येथील दोन प्राध्यापक, शरीरशास्त्रज्ञ आडोल्फ फिक आणि रसायनज्ञ योहानेस व्हिस्लिसेनुस, यांनी तर्क असा केला: स्नायू जर प्रथिनच जाळीत असेल, तर जळलेल्या प्रथिनातील नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडलाच पाहिजे. तो मोजला की किती प्रथिन जळाले ते कळेल. आणि डोंगर चढल्यावर किती काम झाले, हे तर त्रैराशिकाने काढता येते: शरीराचे वजन गुणिले चढलेली उंची. दोन्ही बाजू जुळल्या तर लीबिग खरा.

३० ऑगस्ट १८६५ रोजी पहाटे हे दोघे ब्रिएंत्स सरोवराच्या काठावरून निघाले आणि फाउलहॉर्न शिखरावर दुपारी जाऊन पोहोचले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनाचा कण पोटात घातला नव्हता. चरबीत तळलेल्या पिष्टाच्या वड्या आणि साखर घातलेला चहा एवढ्यावरच त्यांचे भागले होते. वाटेत लघवीचा थेंब न् थेंब बाटल्यांत साठविला. संध्याकाळी शिखरावरच्या विश्रामगृहात मात्र दोघांनी मांसाचे यथेच्छ जेवण केले, आणि तेही प्रयोगाचाच भाग म्हणून! फिकचे वजन ६६ किलो, व्हिस्लिसेनुसचे ७६. चढण १९५६ मीटरची. म्हणजे फिकने १,२९,००० किलोग्रॅम-मीटरहून अधिक काम केले आणि त्याच्या जाड्या सोबत्याने १,४८,००० हून अधिक. जळालेले प्रथिन निघाले दोघांचेही सुमारे ३७ ग्रॅम.

एवढ्या प्रथिनातून किती काम निघू शकेल, हे त्या वेळी कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. ते मोजले इंग्लंडमध्ये एडवर्ड फ्रँकलंड याने, १८६६ साली. हा फ्रँकलंड फिकचा मेहुणा. फिकची बहीण त्याला दिलेली. घरातल्या घरात शास्त्राचा एवढा मोठा वाद मिटल्याचे उदाहरण विरळाच. फ्रँकलंडने वेगवेगळे अन्नपदार्थ जाळून त्यांची उष्णता मोजली आणि हिशेब केला, तो ३७ ग्रॅम प्रथिनातून निघणारी सगळी शक्ती कामी लागली असती तरी फाउलहॉर्नची निम्मी चढणच पार पडली असती. शिवाय हृदय चालते, श्वास चालतो, आणि स्नायू हे यंत्र जळणातल्या शक्तीचा बराच मोठा भाग उष्णता म्हणूनच दवडते, ते वेगळेच. उरलेली चढण कशावर झाली? पिष्टावर आणि चरबीवर. ज्याला लीबिगने शेगडीतला कोळसा म्हणून बाजूला सारले होते, तेच गाडी ओढीत होते.

याचा अर्थ प्रथिन निरुपयोगी, असा कोणी घेऊ नये. इंजिनाला कोळसा लागतो, तसे लोखंडही लागते. झिजलेला स्नायू भरून काढणे आणि नवा स्नायू बांधणे हे काम प्रथिनावाचून होत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ माणसाला रोज शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितले आहे. जड मेहनत करणाऱ्या खेळाडूला त्याच्या दीडपट ते दुपटीपर्यंत लागते, असे आज मानतात. सत्तर किलोच्या पैलवानाला म्हणजे शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. दूध, डाळ, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. मिलोचे वीस पौंड कोठे आणि हे कोठे!

आहाराच्या या चर्चेत एका प्रयोगाचा आमच्याशी थेट संबंध येतो, म्हणून थोडे आडवाटेने जातो. निलगिरीत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन या आयरिश डॉक्टराने १९२० नंतरच्या वर्षांत पांढऱ्या उंदरांच्या टोळ्या पाळल्या आणि हिंदुस्थानातील एकेका लोकांचा आहार एकेका टोळीला घातला. शीख, पठाण, मराठे, गुरखे, कानडी, बंगाली, मद्रासी अशा क्रमाने उंदरांची वाढ आणि प्रकृती उतरत गेली. कोंड्यासकट गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळी, ताज्या भाज्या आणि अधूनमधून मांस हा शिखांचा आहार पहिला आला. सडलेला तांदूळ आणि नावापुरते दूध हा आहार शेवटी गेला. मराठ्यांच्या आहाराचा नंबर तिसरा लागला, हे ऐकून येथे कोणाची छाती फुगणार असेल तर आमची हरकत नाही. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि मॅकॅरिसनने तोलला तो आहार पोटभर मिळणाऱ्यांचा होता, हे ध्यानात ठेवावे. लाव्हाझिएचा प्रश्न त्या पिंजऱ्यात शिरलाच नव्हता.

आता पुन्हा मूळ रस्त्यावर येऊ. स्नायू पिष्ट जाळतो हे ठरल्यावर पुढचा प्रश्न असा की, माणूस थकतो कशाने? १९२४ साली अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या मॅरेथॉन शर्यतीत काही डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त शर्यत संपताच तपासले. जे अर्धमेले होऊन पोहोचले होते, त्यांच्या रक्तातील साखर फारच उतरली होती. पुढच्या वर्षी त्याच मंडळींना आधी भरपूर पिष्ट खावयास आणि वाटेत साखरेच्या गोळ्या चघळावयास सांगितले. ती मंडळी ताजीतवानी पोहोचली. परंतु रक्तातली साखर ही खिशातली मोड. खरी तिजोरी स्नायूच्या आत. ती उघडून पाहण्याचे साधन स्टॉकहोमच्या योनास बेर्गस्ट्रॉम याने १९६२ च्या सुमारास हाती आणले. ही एक पोकळ सुई. मांडीत खुपसून स्नायूचा कण बाहेर काढावयाचा.

१९६६ साली त्याने आणि एरिक हुल्टमान याने जो प्रयोग केला तो सांगण्यासारखा आहे. एका सायकलीच्या दोन बाजूंना हे दोघे बसले आणि प्रत्येकाने आपल्या एकाच पायाने पायटा मारावयास आरंभ केला; दुसरा पाय नुसता विसावलेला. पाय अगदी गळून जाईपर्यंत हे चालले. नंतर तीन दिवस दोघांनी पिष्टमय अन्न खाल्ले आणि दोन्ही मांड्यांत रोज सुई टोचून घेतली. थकलेल्या पायात साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात तो, आधी अगदी तळाला गेला होता. तीन दिवसांनी तो विसावलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. माणूस एकच, जेवण एकच, रक्त एकच. पण ज्या पायाने मेहनत केली त्यानेच अन्नाचा संचय केला, आणि जो स्वस्थ बसला त्याच्यात काहीच फरक पडला नाही. आमच्या मते या विषयातील सगळ्यात बोलका प्रयोग हाच. खाण्याने बळ येते की मेहनतीने, हा वाद एका सायकलीवर दोन पायांनी मिटविला. १९६९ साली अथेन्स येथील युरोपीय स्पर्धेत इंग्लंडचा रॉन हिल हीच युक्ती योजून मॅरेथॉन जिंकला, आणि शर्यतीच्या आदल्या रात्री भात-बटाट्यांवर ताव मारण्याची चाल धावपटूंत रूढ झाली.

थकव्याच्या बाबतीत एका निरपराध्यावर शंभर वर्षे खटला चालला, त्याचीही वासलात लावली पाहिजे. दुग्धाम्ल हा तो आरोपी. कार्ल शेले या स्वीडिश रसायनज्ञाला १७८० साली ते आंबलेल्या दुधात सापडले. म्हणजे आपल्या दह्याला जी आंबट चव येते ती त्याचीच. पुढे ते मेहनत केलेल्या स्नायूंतही सापडले. केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ साली बेडकाच्या स्नायूवर दाखविले की, थकव्याबरोबर दुग्धाम्ल साचते आणि प्राणवायू मिळाला की ते नाहीसे होते. इंग्लंडचा हिल आणि जर्मनीचा मायरहोफ यांना याच मार्गावरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना दोन शत्रुराष्ट्रांतील माणसांना ते वाटून दिले गेले, हेही नमूद केले पाहिजे. या सगळ्यातून लोकांनी धडा असा घेतला की दुग्धाम्ल म्हणजे थकव्याचे विष. ते तसे नाही. १९८० नंतर कॅलिफोर्नियातील जॉर्ज ब्रुक्स आदी संशोधकांनी दाखवून दिले की, एका स्नायूने सोडलेले दुग्धाम्ल दुसरा स्नायू, आणि हृदयसुद्धा, जळण म्हणून वापरतो. सिंहगड उतरून आलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी धरतात, तो दोषही त्याच्यावर लादण्यात अर्थ नाही. तासा-दीड तासात ते रक्तातून ओसरलेले असते. मांड्या धरतात त्या स्नायूंचे बारीक तंतू दुखावल्यामुळे, आणि हे दुखावणे चढण्यापेक्षा उतरताना अधिक होते, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार सावरीत असतो. बैठक काढणाऱ्या नवशिक्यालाही ती खाली बसतानाच अधिक महागात पडते.

आता आम्ही हेलसिंकीला जाणार आहोत. १९५२ सालच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो वजनी गटात कुस्ती खेळले आणि त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लोकवर्गणी काढून त्यांना धाडावे लागले, आणि परत आल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांना गावात नेले, हे कोल्हापूर-कराडकडच्या मंडळींना सांगावयास नको. पण त्या दिवशी आखाड्यात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत पंधरा मिनिटे चालली आणि ती थोडक्यात हातची गेली. इशी पुढे सुवर्णपदकाचा धनी झाला. या लढतीनंतर लगेच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी भिडावयास बोलावले. दोन लढतींच्या दरम्यान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो दाखवून भांडावयास आपल्या पथकातला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. खाशाबा थकल्या अंगाने उतरले आणि हरले. मामेदबेयोव्ह रौप्यपदकापर्यंत पोहोचला.

अर्धा तास म्हणजे काय, हे आज शास्त्राला पुष्कळच नेमके सांगता येते. थकलेल्या शरीरात एक घड्याळ चालत नाही, तीन चालतात. पहिले मिनिटांचे. डाव टाकताना, झटका देताना स्नायू जी शक्ती वापरतो ती क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या एका तयार साठ्यातून येते. तो काही सेकंदांत उतरतो आणि तीन ते पाच मिनिटांच्या विसाव्यात बहुतांशी भरून येतो. दुसरे घड्याळ अर्ध्या-एक तासाचे. जोराच्या लढतीत रक्तात दुग्धाम्ल आणि त्याबरोबर आम्लता वाढते. ती निम्म्याने उतरावयास साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटे लागतात, आणि नुसते पडून राहण्यापेक्षा सावकाश फिरत राहिले तर ती लवकर उतरते. तिसरे घड्याळ दिवसाचे. स्नायूतली साखरेची तिजोरी भरपूर पिष्ट खाऊनही पुन्हा भरावयास चोवीस तासांच्या आसपास लागतात, आणि तंतूंची डागडुजी तर दीड-दोन दिवस चालूच असते. खाशाबांना पहिले घड्याळ कदाचित मिळाले असेल. दुसरे त्यांच्या हक्काचे होते, आणि ते मिळाले नाही. तेवढ्याने निकाल फिरला असता, असे आम्ही म्हणणार नाही. कुस्तीत तसे कोणालाच म्हणता येत नाही. पण तो अर्धा तास हा कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीतला शिष्टाचार नव्हता, त्याच्यामागे देहाचे गणित उभे होते, एवढे निश्चित. आणि वर्गणीदारांनी पै-पै जमविली ती अशा वेळी कोणी शेजारी उभा राहील या भरवशावरच.

मिलोच्या वासराचे काय झाले, ते राहिलेच. दुसऱ्या महायुद्धात पाय मोडून आलेले शेकडो अमेरिकन सैनिक शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात पडून होते. हाडे सांधली होती, पण मांड्या वाळून काठ्या झाल्या होत्या. त्या काळचा रिवाज असा की अशा पायाला हलका व्यायाम पुष्कळ वेळा द्यावा. आणि त्याने महिनेच्या महिने निघून जात. तेथील टॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरला लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळविले होते, आणि त्यातून उठल्यावर तो स्वतः वजने उचलून सुधारला होता. त्याने सैनिकांच्या पायांना लोखंडी वजने बांधली. दहा वेळाच उचलता येईल इतकी जड, आणि पाय सुधारेल तसतशी ती वाढवीत नेली. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केले. आरंभी तो एका बैठकीत सत्तर ते शंभर वेळा वजन उचलावयास लावी. १९४८ पर्यंत त्याच्या ध्यानात आले की दहा-दहाचे तीनच फेरे पुरतात, आणि अतिरेकाने उलट नुकसान होते. दंतकथेतला वासराचा नियम रुग्णालयात शिरला तो असा. आपल्या तालमीत नाल आणि मुद्गल हलक्यापासून जडाकडे चढत्या क्रमाने मांडून ठेवलेले असत, त्यात हाच नियम होता. मात्र हजार-हजार बैठकांचा जो अभिमान, त्यात तो नव्हता. हजार बैठकांनी दम वाढतो, बळ फारसे वाढत नाही.

येथवर बोललो ते पैलवान, सैनिक आणि धावपटू यांच्याविषयी. परंतु श्रोतृवर्गात लंगोट कसणारे थोडे आणि खुर्चीवर बसून पोट चालविणारे पुष्कळ, हे आम्ही जाणतो. त्यांच्याविषयीचा पहिला पुरावा लंडनच्या दुमजली बसगाड्यांत सापडला. जेरी मॉरिस या डॉक्टराने १९४९ पासून बसच्या चालक आणि वाहक यांच्या हृदयविकाराच्या नोंदी ताडून पाहिल्या. दोघे एकाच वर्गातले, एकाच गाडीतले, एकच धूर पिणारे; फरक एवढाच की चालक पाळीभर बसून, आणि वाहक दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हृदयविकार चालकांना अधिक, आणि पहिल्या झटक्यातच दगावणारेही चालकांत अधिक. पत्र वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे टपाल कारकून यांच्यातही तोच प्रकार दिसला. यावर शंका निघाली, आणि ती रास्त होती: मुळात जाडी माणसेच चालकाची नोकरी धरीत असतील तर? मॉरिसने कंपनीच्या शिंप्याकडच्या गणवेशांची मापे मिळविली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच वाहकांहून मोठा निघाला, आणि तो भरतीच्या वेळीही मोठाच होता. म्हणून त्याने पुढे घेरानुसार वेगवेगळे गट पाडून पाहिले. बारीक चालकाला बारीक वाहकापेक्षा, आणि जाड्या चालकाला जाड्या वाहकापेक्षा धोका अधिकच राहिला. जिन्याचा गुण विजारीच्या मापात गडप झाला नाही. मॉरिस स्वतः म्हातारपणापर्यंत नेमाने व्यायाम करीत राहिला आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारला.

आणखी एक प्रयोग सांगून आटोपतो. विश्रांतीची महती गाताना तिचा दुसरा चेहरा दाखविला नाही तर हिशेब अपुरा राहील. पूर्वी मुदतीचा ताप असो, हृदयाचा झटका असो, की बाळंतपण असो, आठवडेच्या आठवडे अंथरूण न सोडणे हा उपचारच मानला जाई. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे बेंग्ट सॉल्टिन आणि त्याचे सहकारी यांनी वीस वर्षांचे पाच निरोगी तरुण वीस दिवस सक्तीने बिछान्यावर निजवून ठेवले. उठल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती चौथाईहून अधिक घटली होती. नंतर सुमारे दोन महिने कसून व्यायाम दिला, तेव्हा ती भरून येऊन वर काही वाढलीही.

हेच पाचजण तीस वर्षांनी, १९९६ साली, पुन्हा बोलावले. वये पन्नास, वजने सरासरी चौथाईने वाढलेली, अंगावरची चरबी दुप्पट. तरीही त्यांची शक्ती विशीतल्या मूळ आकड्याहून दहा-बारा टक्केच उणी भरली. पाचांपैकी एकाचीही अवस्था त्या वीस दिवसांच्या निजण्यानंतर झाली होती तितकी वाईट नव्हती. तीस वर्षांनी जे नुकसान केले नाही ते तीन आठवड्यांच्या गादीने केले होते. मग सहा महिने त्यांना हळूहळू वाढवीत नेलेला चालण्या-धावण्याचा व सायकलीचा व्यायाम दिला, आणि पाचहीजण पुन्हा विशीतल्या मूळ आकड्यावर जाऊन पोहोचले. मात्र तरुणपणी व्यायामाने गाठलेले शिखर त्यांना पुन्हा गाठता आले नाही. आणखी दहा वर्षांनी, साठीत, तेच पाचजण परत तपासले गेले. या दहा वर्षांत घसरण वेगाने झाली होती, आणि चाळीस वर्षांची सगळी घट मोजली तेव्हा ती भरली १९६६ सालच्या त्या वीस दिवसांच्या बिछान्याइतकीच.